बेलिफ हलत नसेल तर हुकूमनाम्याचे पैसे कसे वसूल करावेत

हुकूमनाम्याची (पैसे द्या, या दिवाणी कोर्टाच्या निकालाची) प्रमाणित नक्कल काढा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21, नियम 11 प्रमाणे दरखास्त (वसुलीचा अर्ज) दाखल करा, प्रोसेस फी (वॉरंट-नोटिसांचे शुल्क) भरा. मुदत 12 वर्षांची आहे, पण तिच्यावर विसंबू नका. तेवढ्या काळात ऋणकोची (पैसे देणे लागणाऱ्याची) मालमत्ता बायका-मुलांच्या नावावर जाते.

दरखास्त अडते ती जप्ती वॉरंट नाझरांकडून (कोर्टाच्या बजावणी विभागाच्या प्रमुखाकडून) बेलिफाच्या, म्हणजे ते बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, हाती गेल्यावर. काही आठवड्यांनी ते परत येते आणि मागे शेरा असतो: ‘घर बंद’, ‘ऋणको मिळून आला नाही’, ‘जप्तीयोग्य माल नाही’. बहुतेक जण लगेच नवे वॉरंट मागतात. तसे करू नका. पत्ता तोच, वेळ तीच, म्हणजे शेराही तोच येणार.

ऑर्डर 21 च्याच नियम 24 प्रमाणे वॉरंटवर बजावणीची आणि ते परत करण्याची तारीख हवी. ती कोरी असेल तर आधी भरून घ्या. नियम 25 प्रमाणे बजावणी कधी व कशी झाली, उशीर का झाला, हे बेलिफाने वॉरंटवर लिहायचे असते. बजावणी जमली नाही असा शेरा असेल, तर न्यायालयाने बेलिफाला त्याबद्दल विचारणा करायची असते. ही तरतूद कोणी वापरतच नाही! एका पानाचा अर्ज करा: बेलिफ कोणत्या दिवशी, किती वाजता गेला, शेजारी कोणाला विचारले, पंच कोण होते, याची चौकशी व्हावी. त्याच दिवशी दुकान उघडे असल्याचा फोटो असेल तर जोडा. अर्जात आरोप नकोत, फक्त तारखा.

पुढच्या वॉरंटसाठी बेलिफाला शोधाशोध करायला लावू नका. ‘घरातील चीजवस्तू’ असे मोघम लिहिलेले वॉरंट हमखास रिकामे परत येते. वस्तूचे नाव, मेक, ठिकाण, गाडी असेल तर तिचा नंबर लिहा. शक्य असेल तिथे घराऐवजी दुकान किंवा गोदाम द्या. संहितेच्या कलम 62 मुळे राहत्या घरात सूर्यास्तानंतर शिरता येत नाही आणि बाहेरचे दार तोडता येते ते ऋणकोच्या ताब्यातले घर असून त्याने प्रवेश अडवला तरच. दुकान गिऱ्हाइकांसाठी उघडावेच लागते. कुलूप तोडण्याचा आणि पोलीस बंदोबस्ताचा आदेश आधीच अर्ज करून घ्या. स्वतः हजर राहून माल दाखवा. टेंपो आणि हमाल तयार ठेवा. कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे कलम 60 प्रमाणे जप्त होत नाहीत. त्यावरून वाद घालत दिवस घालवू नका.

बेलिफाला ‘खूश करा’ हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. ती लाच आहे आणि देणाराही गुन्हेगार ठरतो. भत्ता कोर्टात भरा, पावती घ्या.

खरे तर जंगम मालाच्या मागे लागण्याआधी बँक खाते पाहा. ऋणकोने पूर्वी दिलेल्या चेकवर शाखा आणि खाते क्रमांक असतो. नियम 46 खाली मनाई आदेश (बँकेने ते पैसे ऋणकोला देऊ नयेत असा) आणि 46अ खाली गार्निशी नोटीस (बँकेने ते कोर्टात भरावेत अशी) मागा. कागद शाखेत पोचवण्यापलीकडे बेलिफाचे तिथे काम नाही. नोकरदाराचा पगार नियम 48 किंवा 48अ खाली जप्त होतो. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुटतो. म्हणजे हिशेबात धरायचा पगार 31,000 असेल तर दरमहा 10,000 मिळतात, एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त 24 महिने.

काहीच माहीत नसेल तर नियम 41. हुकूमनाम्यानंतर 30 दिवसांत पैसे आले नाहीत, तर मालमत्तेचे शपथपत्र मागता येते. आदेश मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

तारखांवर तारखा पडू लागल्या तर सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी हा निकाल दाखवा. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असे त्यात सांगितले आहे.

पैशांसाठी अटक शेवटी मागा. ऐपत असून ऋणको देत नाही हे दाखवावे लागते, स्त्रीला अशी अटक होत नाही आणि कैदेतला निर्वाह भत्ता तुम्हालाच आगाऊ भरावा लागतो. मात्र तो सुटला तरी कर्ज सुटत नाही. मालमत्तेवरची दरखास्त चालू ठेवा.