दुर्मीळ गाडीचा भाव काढायला शिकताना

जुन्या सुपरकारचं मूल्यांकन करायला आलेला प्रत्येक नवा मुलगा आधी विचारतो, "अशा किती बनल्या?" मी विचारतो, त्या हव्या आहेत किती जणांना?

यासाठी मी सगळ्यांना एक जोडी अभ्यासाला देतो. जॅग्वार एक्सजे२२० तीनशेपेक्षा कमी बनल्या आणि फेरारी एफ४० तेराशेहून जास्त. तरीही एफ४० आज कित्येक पट महाग आहे. १९८८ मध्ये जॅग्वारने दाखवलेल्या गाडीत व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद होती. प्रत्यक्षात हाती आलं ते टर्बो लावलेलं सहा सिलिंडरचं व्ही६ आणि मागच्या चाकांची ढकल. त्यातच मंदी आली, बुकिंग केलेले लोक करारातून सुटायची धडपड करू लागले. त्या निराशेचा डाग वर्षानुवर्षं गेला नाही. (मला स्वतःला ती गाडी फार आवडते, पण माझी आवड अहवालात लिहायची नसते.)

दुसरं उदाहरण पोर्शे ९११ आरचं. २०१६ मध्ये ९९१ गाड्या निघाल्या, सगळ्या मॅन्युअल गिअरच्या. त्या वेळी तिचीच भावंड असलेली ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक मिळत होती, म्हणून ९११ आरचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेले. पुढच्याच वर्षी कंपनीने जीटी३मध्ये मॅन्युअल परत आणला आणि भाव घसरले. आकडा तोच, ९९१. तेव्हा दुर्मीळ नेमकं काय आहे ते बघा: गाडी, गिअरबॉक्स की नुसती बिल्ल्यावरची संख्या?

मग फाइल उघडा. इंजिन आणि गिअरबॉक्सवरचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का, रंग मूळचा आहे का, सर्व्हिसची बिलं सलग आहेत का. फेरारी टेस्टारोसाचा टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ते बिल फाइलमध्ये नसेल, तर काम झालेलंच नाही असं धरून तेवढी रक्कम वजा करा, मालक कितीही शपथा घेवो.

कमी चाललेल्या गाडीला भाव जास्त मिळतो हे खरंच. पण वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी म्हणजे कडक झालेले टायर, सुकलेली सील आणि शिळं पेट्रोल. ती चालती करण्याचा खर्च आधी काढा.

जाहिरातीतल्या किमती नोंदवहीत उतरवू नका, ती फक्त मागणाऱ्याची इच्छा असते. लिलावाचे निकाल उतरवा, पण छापून येणाऱ्या रकमेत बहुधा खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही असतं. विकणाऱ्याच्या हातात बऱ्यापैकी कमी पडतात. ते दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे.