जुन्या बेसबॉल कार्डांचं अख्खं खोकं घेताना

आधी गुणाकार करू. एका खोक्यात २० बॉक्स, बॉक्समध्ये ३६ पाकिटं, पाकिटात खेळाडूंच्या चित्रांची १७ कार्डं आणि सोबत च्युइंगम. एकूण १२,२४० कार्डं. हा अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीच्या १९८७च्या सीलबंद खोक्याचा हिशेब. त्या वर्षीचा पूर्ण संच ७९२ कार्डांचा. म्हणजे प्रत्येक खेळाडू सरासरी पंधरा वेळा हाती लागणार. बॅरी बॉन्ड्ससारखा नामवंत पंधरा वेळा, आणि ज्याला त्याच्या गल्लीतही आता कुणी ओळखत नसेल तोही पंधरा वेळा.

आपल्याकडे बिग फनच्या च्युइंगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, ती जमवलेल्यांना या वेडाची चव ठाऊक असेल. फरक इतकाच की तिकडे लोक ते घाऊक विकत घेतात आणि वर्षानुवर्षं न फोडता ठेवतात.

फोडायचं की ठेवायचं, हे पैसे देण्याआधी ठरवा

फोडलेल्या खोक्यातल्या सगळ्या कार्डांची मिळून किंमत बहुतेक वेळा बंद खोक्यापेक्षा कमीच भरते. बंद खोक्यात ‘आत काय असेल’ ही उत्सुकता विकली जाते, आणि टेपला कात्री लागली की ती संपते. मजेसाठी फोडायचं असेल तर स्वस्तातलं वर्ष घ्या. ठेवायचं असेल तर सगळा जीव सीलमध्ये आहे असं समजून पुढचं वाचा.

साल बघा, ‘विंटेज’ हा शब्द बघू नका

१९५६ ते १९८० या काळात बाजार जवळजवळ एकट्या टॉप्सचा होता. १९८१मध्ये फ्लीअर आणि डॉनरस उतरले, १९८९मध्ये अपर डेक आली. साधारण १९८६ ते १९९३ हा काळ संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणून ओळखतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, आणि जंक का ते उघड आहे: कार्डं बेसुमार छापली गेली आणि लोकांनी ती जपूनही ठेवली. पोरांच्या कॉलेजची फी यातून निघेल या आशेने अनेकांनी खोकीच्या खोकी माळ्यावर टाकली. ती सगळी आज एकदमच विकायला निघाली आहेत.

त्याआधीच्या पिढीने कार्डं सायकलच्या आऱ्यांत खोचली आणि आयांनी उरलेली केरात टाकली. १९५२चा न खपलेला माल तर टॉप्सने पुढे अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवला. त्या संचातलं मिकी मँटलचं एक उत्तम स्थितीतलं कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, त्यामागे हीच टंचाई आहे. विक्रेता मात्र १९५२ आणि १९९० या दोन्हींवर ‘विंटेज’ लिहून मोकळा होतो. माझ्या मते १९८०च्या पुढच्या मालाला तो शब्द लावणाऱ्याशी जरा जास्तच घासाघीस करावी.

सत्तरच्या दशकातलं काही शोधत असाल तर ‘व्हेंडिंग’ खोकं हा शब्द लक्षात ठेवा. त्यात ५०० सुट्या कार्डांचे २४ बॉक्स असतात. पाकीट नाही, च्युइंगम नाही, त्यामुळे कार्डांवर मेणाचे डागही नाहीत.

सील तपासणं

इथे वेळ घालवा. मेणकागदाचं पाकीट उष्णतेने चिकटवलेलं असतं, त्यामुळे घरच्या इस्त्रीने ते परत बंद करता येतं. शिवाय ऐंशीच्या दशकाच्या मध्याचे टॉप्सचे वॅक्स बॉक्स कारखान्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येतच नसत. तेव्हा १९८५चा चकचकीत प्लॅस्टिकमधला बॉक्स दिसला तर तो कुणी आणि कधी गुंडाळला, हे विचारा. कारखान्याचं खरं सील असतं ते बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर. अख्ख्या खोक्याला सुट्या वीस बॉक्सांपेक्षा जास्त भाव मिळतो तो याच कारणाने.

टेपचे फोटो सगळ्या बाजूंनी मागवा. टेपच्या कडेला पुठ्ठ्याचा रंग वेगळा दिसतो का, जुन्या टेपवर नवी टेप आहे का, पुठ्ठ्याचा पापुद्रा निघालाय का, ते पाहा. इंडियानातली बेसबॉल कार्ड एक्स्चेंज ही संस्था असा माल तपासून स्वतःच्या वेष्टनात गुंडाळून देते. बॉक्स सीलबंद खोक्यातूनच काढलेला असेल तर तसं वेष्टनावर नोंदवते. तिचं वेष्टन असलेला माल महाग पडतो, तरी नवख्याने तोच घ्यावा.

पण बाहेरून केलेल्या तपासणीलाही मर्यादा असते. यूट्यूबवाला लोगन पॉल याने पोकेमॉन कार्डांचं तपासून खरं ठरवलेलं खोकं ३५ लाख डॉलरला घेतलं. जानेवारी २०२२मध्ये कॅमेऱ्यासमोर उघडलं तर आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डं!

माझी फसगत त्यामानाने किरकोळ. एका विक्रेत्याकडून १९८७चा एक सुटा बॉक्स घेतला. ६१२ कार्डांत बॉन्ड्स, मार्क मॅग्वायर आणि बो जॅक्सन, या तीन नामवंतांपैकी एकही नाही. एखादा नसता तर नशीब म्हटलं असतं. मग पाकिटं नीट पाहिली. च्युइंगमचा आयताकृती डाग एका कार्डावर, आणि च्युइंगम भलत्याच कार्डाला टेकलेलं. १९९८मध्ये मॅग्वायरने ७० होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मारले तेव्हा कुणीतरी आत हात घातला असावा.

भाव आणि वाहतूक

विक्रेत्याने मागितलेल्या किमतीवर जाऊ नका. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ निवडून प्रत्यक्ष झालेले सौदे पाहा आणि खोक्याची किंमत बॉक्सांच्या संख्येने भागा. लिलावात बोलीवर लिलावगृहाचं कमिशन चढतं, अनेकदा वीस टक्क्यांच्या आसपास. दरवर्षी भरणाऱ्या नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शनला जाणं जमलं तर उत्तमच, तिथे खोकं हातात घेऊन बघता येतं.

असं खोकं वीस किलोंच्या वर भरतं. न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याच्या २३ किलोंच्या बॅगेतून ते पुण्याला येईल, हा बेत सोडून द्या. त्याच्याकडेच राहू दे, फक्त तळघरात किंवा गॅरेजमध्ये नको. दमटपणाने गुळगुळीत कार्डं एकमेकांना चिकटून वीट होते. १९८९चं अपर डेक आणि १९९१चं स्टेडियम क्लब यांत हे हमखास घडतं.

खोकं दारात आलं की टेप कापण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. कार्डाच्या गुळगुळीत बाजूवर मेण दिसलं तर जुन्या नायलॉनच्या मोज्याने हलकेच घासा, निघतं. नामवंत खेळाडू लगेच प्लॅस्टिकच्या कव्हरात घाला. चारही कोपरे भिंगाखाली धारदार दिसले तरच पीएसए या कार्डं तपासून श्रेणी देणाऱ्या कंपनीकडे पाठवा, नाहीतर तिथली फीच कार्डापेक्षा महाग पडते. उरलेली दहा-बारा हजार कार्डं हॅलोविनला दारात येणाऱ्या पोरांना चॉकलेटबरोबर वाटता येतात. च्युइंगम मात्र आधी काढून फेका. चाळीस वर्षांचं आहे, दातांखाली काचेसारखं फुटतं.