उन्हात आणि उंचीवर व्यायाम करताना

गार हवेत, सपाटीवर जमणारा वेग उन्हात किंवा उंचीवर तसाच धरून ठेवू नका. घड्याळ बाजूला ठेवा आणि बोलता येईल इतक्याच दमाने चला.

उन्हात स्नायूंना रक्त हवं असतं आणि उष्णता बाहेर टाकायला तेच रक्त कातडीकडेही जावं लागतं. घामामुळे रक्तातलं पाणी घटतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त निघतं, म्हणून वेग न वाढवताही नाडी चढत जाते. दमट हवेत घाम नुसता निथळतो. तो वाळला नाही तर गारवा मिळत नाही.

उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. सुरुवात २०-३० मिनिटांच्या हलक्या व्यायामाने करा, हळूहळू ६० ते ९० मिनिटांवर जा. आधी रक्तातला द्रव वाढतो, मग घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मध्ये मोठा खंड पडला की ही सवय मोडते.

पाणी किती प्यायचं हे वजनकाट्यावर ठरवा. व्यायामाआधी आणि घाम पुसून झाल्यावर वजन करा. तासाभरात ०.८ किलो घटलं आणि ०.४ लीटर पाणी प्यायलात, तर घाम साधारण १.२ लीटर गेला. घट २ टक्क्यांच्या आत ठेवा. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

उंचीवर हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरतो, म्हणून दर श्वासाला ऑक्सिजन कमी मिळतो. ५,५०० मीटरवर हा दाब जवळजवळ निम्मा होतो. सुरुवातीला लघवी वाढते आणि रक्तातला द्रव आटतो, म्हणजे उन्हाच्या सवयीच्या अगदी उलट. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल पेशी वाढायला तर कित्येक आठवडे लागतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम नकोच. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा.

डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर आणखी वर जाऊ नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला खाली उतरवा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा: रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत डोकं पाण्याबाहेर धरून त्याला बर्फाच्या पाण्यात बसवा.