सेशेल्सला शिडाची कॅटामरान घेताना

ठाण्याहून दोन-तीन कुटुंबं मिळून सेशेल्सला शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन होड्या जोडल्यासारखी बोट, भाड्याने घेणार असाल, तर आधी विचारा: भाड्यात नेमकं काय धरलंय? ‘बेअरबोट’ म्हणजे नुसती बोट. ती चालवायची आपणच, आणि त्यासाठी अनुभवाचा पुरावा किंवा परवाना मागतात. कुणीच शीड हाताळलेलं नसेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्याच, तिथे काटकसर नको. त्याला झोपायला जागा लागते, जेवणही बहुधा आपल्याकडेच. डिझेल, अनामत, शेवटची साफसफाई यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात, लेखी घ्या.

मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो, समुद्र खवळतो. मुलं बरोबर असतील तर एप्रिल बरा, परीक्षाही आटोपत आलेल्या असतात.

जोडहोडीच्या रचनेमुळे कॅटामरान फारशी कलत नाही, पण हिसके बसतात. म्हणून निघण्याआधी एकदा सगळ्यांना गेटवेहून मांडव्याला बोटीने नेऊन आणा. कुणाला बोट लागते ते कळेल.

आणि चाकांच्या कडक बॅगा नकोत. रिकाम्या झाल्यावर घडी होईल अशा कापडी पिशव्याच न्या, केबिनमध्ये जागाच नसते.