ड जीवनसत्त्वाचा तपासणी अहवाल कसा वाचावा

ड जीवनसत्त्वाच्या तपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी आकड्यावर आणि मग त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत छापलेल्या ‘कमी’ या शेऱ्यावर जाते. वाचनाचा क्रम वेगळा ठेवावा. प्रथम तपासणीचे नाव पाहावे, नंतर एकक, त्यानंतर आकडा, आणि प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा सर्वांत शेवटी.

तपासणीचे नाव ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ असे असावयास हवे. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेत तयार झालेले किंवा अन्नातून, गोळीतून आलेले ड जीवनसत्त्व यकृतात गेल्यावर त्याचे हे रूप बनते आणि ते रक्तात दोन ते तीन आठवडे टिकते. त्यामुळे शरीरातील साठ्याचा अंदाज त्यावरूनच येतो. पुढे मूत्रपिंडात यापासून ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ हे प्रत्यक्ष काम करणारे रूप तयार होते, म्हणून तेच मोजणे अधिक योग्य, असे कोणालाही वाटेल. परंतु साठा घटू लागला की पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि या दुसऱ्या रूपाची निर्मिती टिकवून धरते. परिणामी मोठी कमतरता असतानाही त्याचा आकडा सामान्य, क्वचित वाढलेलाही दिसतो. मूत्रपिंडाचे विकार आणि कॅल्शियमच्या काही गुंतागुंतीच्या तक्रारी सोडल्या, तर त्या तपासणीचा उपयोग नाही.

एककाकडे होणारे दुर्लक्ष ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात, तर काही नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्या एककातील आकड्याला २.५ ने गुणले की दुसऱ्या एककातील आकडा मिळतो. अहवालात ‘३०’ लिहिले असेल आणि एकक नॅनोग्रॅमचे असेल, तर साठा पुरेसा आहे. तोच ३० नॅनोमोलमध्ये असेल, तर तो केवळ १२ नॅनोग्रॅम, म्हणजे कमतरतेच्या उंबरठ्यावर आहे. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘पातळी दुप्पट झाली’ असे म्हणण्यापूर्वी हा गुणाकार अवश्य करावा.

आता मर्यादेविषयी. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ च्या अहवालानुसार २० नॅनोग्रॅम ही पातळी हाडांच्या आरोग्यासाठी जवळजवळ सर्वांना पुरते आणि १२ च्या खाली कमतरतेचा धोका संभवतो. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने मात्र ३० ही रेषा सुचवली, आणि ती अनेक छापील अहवालांत रूढ झाली. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या संस्थेने त्या आकड्याचा पुरस्कार मागे घेतला, तसेच निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करून घेऊ नये, असेही सुचवले. छापील नमुने मात्र इतक्या लवकर बदलत नाहीत. त्यामुळे कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तीचा आकडा २४ आला आणि त्यापुढे ‘अपुरे’ असा शेरा दिसला, तर त्याला आजार समजण्याचे कारण नाही. याउलट हाडे दुखणे, जिना चढताना किंवा खाली बसून उठताना मांड्यांत बळ नसणे, अन्नशोषणाचा विकार, अपस्माराची काही औषधे दीर्घकाळ चालू असणे, यांपैकी काही असेल, तर तोच आकडा डॉक्टरांना दाखवून त्याचा अर्थ विचारावा. थकवा, केस गळणे, उदास वाटणे अशा प्रत्येक तक्रारीचे खापर या जीवनसत्त्वावर फोडण्याची प्रथा मात्र पुराव्याला धरून नाही. सुमारे २६,००० प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ या चाचणीत या जीवनसत्त्वाची दररोज २,००० आंतरराष्ट्रीय एकके (औषधाची मात्रा मोजण्याचे माप) देऊनही कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

औषध सुरू झाल्यास वेष्टनावरील मात्राही अशीच काळजीपूर्वक वाचावी लागते. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आंतरराष्ट्रीय एकके. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ७० वर्षांपर्यंतच्या प्रौढांची रोजची गरज ६०० एकके, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम मानली आहे, त्यापुढील वयात ८०० एकके, आणि प्रौढांनी देखरेखीविना ओलांडू नये अशी वरची मर्यादा ४,००० एकके. कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टर काही आठवडे ६०,००० एककांसारखी मोठी मात्रा देतात. ती आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. रोज घेण्याची चूक पुन्हा पुन्हा होते, म्हणून ठरलेला वार वेष्टनावरच लिहून ठेवावा. तान्ह्या बाळाच्या औषधात तर ४०० एकके एका थेंबात आहेत की एका मिलिलिटरमध्ये, हे प्रत्येक नव्या बाटलीच्या वेळी तपासावे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने जादा झालेले लघवीवाटे सहज निघून जात नाही. अतिरेकामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी अशी लक्षणे दिसतात. ती दिसताच औषध थांबवून डॉक्टरांना गाठावे.

उन्हाबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत. खिडकीच्या बंद काचेतून अतिनील-ब किरण जवळपास येतच नाहीत, त्यामुळे काचेमागचे ऊन ऊब देते, ड जीवनसत्त्व देत नाही. आणि आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर त्या वेळी हे किरण फारच क्षीण असतात.

उपचारानंतरची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करावी, कारण त्याआधी पातळी स्थिरावलेली नसते. ती शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण मोजण्याच्या पद्धतींनुसार आकड्यात फरक पडतो. आणि जुन्या अहवालाच्या मागे, मधल्या काळात कोणते औषध किती एककांचे आणि किती वेळा घेतले, हे लिहून तो डॉक्टरांकडे सोबत न्यावा.