कीकॅप बदलताना या चुका टाळा

कीकॅपचा, म्हणजे कळांवरच्या काढता येणाऱ्या टोप्यांचा, सेट मागवण्याआधी शाळेतली साधी पट्टी घ्या आणि आपल्या मेकॅनिकल कीबोर्डचा (प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असलेल्या) स्पेसबार मोजा. साधारण ११८ मिमी भरला तर तो ६.२५ यूचा, १३२ मिमी भरला तर ७ यूचा. (१ यू म्हणजे शेजारच्या दोन कळांच्या मध्यांमधलं अंतर, १९.०५ मिमी.) एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही, कारण स्टॅबिलायझरची (लांब कळ सरळ दाबली जावी म्हणून तिच्याखाली असलेल्या तारेच्या आधाराची) दोन टोकं पहिल्यात १०० मिमीवर असतात आणि दुसऱ्यात ११४.३ मिमीवर. जोर लावलात तर कॅपच्या आतली नळी चिरते.

दुसरी फसगत ६५ टक्के आकाराच्या, म्हणजे आकड्यांचा वेगळा गठ्ठा आणि वरची एफ-कळांची ओळ नसलेल्या छोट्या कीबोर्डवर होते. १०४ कळांच्या सेटमधला उजवा शिफ्ट २.७५ यूचा असतो, इथे बहुधा १.७५ यूचा लागतो. स्पेसबारच्या उजवीकडेही अनेकदा १.२५ ऐवजी १ यूच्या कळा असतात. सेटच्या फोटोत हे तुकडे आहेत का ते स्वतः पाहा, ‘सगळ्या कीबोर्डांना चालेल’ या ओळीवर जाऊ नका. स्विचच्या माथ्यावर अधिकचं चिन्ह असेल तर एमएक्सच्या (सर्वाधिक प्रचलित स्विच-प्रकाराच्या) कॅप बसतील. काइल चॉक या बुटक्या स्विचच्या पहिल्या आवृत्तीला दोन चपट्या पायांची कॅप लागते.

नव्या कॅप बसवल्यावर मधल्या ओळीचा आवाज बोदा झाला, तर स्विचमधली एलईडीची जागा कुठल्या बाजूला आहे ते पाहा. ती वर, आकड्यांच्या ओळीकडे असेल तर चेरी प्रोफाइलच्या (प्रोफाइल म्हणजे कॅपची उंची आणि आकार) कॅपची आतली कड स्विचच्या कवचाला टेकते. अशा कीबोर्डला थोडं उंच ओईएम प्रोफाइल घ्या, किंवा लाँग-पोल स्विच (आतला दांडा लांब असल्याने कळ कमी खाली जाते असे) लावा.

इंदुरात एकाच कीबोर्डवर इंग्रजी, हिंदी आणि मराठी चालते, म्हणून कोलमॅककडे (नेहमीच्या क्वर्टीऐवजी वापरायची इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी) वळणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. चेरी आणि ओईएममध्ये प्रत्येक ओळीचा उतार वेगळा असतो. कोलमॅकमध्ये ई, आर, टी, आय, ओ वरून मधल्या ओळीत येतात, एन खालून येतो, आणि बोटांना जागा दाखवणाऱ्या उंचवट्यांसकट एफ आणि जे वर जातात. क्वर्टीचाच सेट फिरवून लावला तर पृष्ठभाग खडबडीत होतो. त्यासाठी डीएसए किंवा एक्सडीएसारखं सपाट, सगळ्या ओळींना एकच आकार असलेलं प्रोफाइल घ्या आणि उंचवट्याच्या टी-एन कॅप वेगळ्या मिळतात का ते बघा.

देवनागरी अक्षरंही छापलेली असतील तर गुंता वाढतो. एनच्या कॅपवर ल आणि ळ असतात. कोलमॅक संगणकाच्या सेटिंगमधून लावलं असेल तर इनस्क्रिप्ट (देवनागरी टंकनाची प्रमाण मांडणी) कळेची मूळ जागाच मानते. म्हणजे जेच्या जागी नेलेल्या त्या कॅपवर ल दिसेल आणि उमटेल र. उलट कोलमॅक कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्याच प्रोग्रॅममध्ये (क्यूएमके, व्हिया), भरलं, तर कॅपवरचं अक्षर बरोबर उमटतं, पण इनस्क्रिप्टची डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं ही सुरेख मांडणी मोडते. आमचा सल्ला: कोलमॅक सेटिंगमधूनच लावा, कॅप कोऱ्या किंवा फक्त इंग्रजी घ्या. सीपीसीटीची (मध्य प्रदेशातल्या संगणक-टंकन परीक्षेची) तयारी रेमिंग्टन गेल या जुन्या टाइपरायटरच्या धर्तीच्या मांडणीवर करत असाल तर इनस्क्रिप्ट छापलेला सेट मुळीच नको. तिथे अक्षरांच्या जागाच निराळ्या.

पीबीटी प्लास्टिकचा लांब स्पेसबार कधी वाकलेला येतो. काचेवर ठेवून टोकं डुगडुगतात का ते बघा. डुगडुगत असतील तर नुकत्या उकळलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवा, चिमट्याने काढा, वाक निघेल असा सपाट दाबून धरा आणि पूर्ण गार झाल्यावरच बसवा.