नवी गॅस शेगडी घेताना या चुका टाळा

नवी शेगडी घेताना बहुतेक जण आधी काचेचा रंग आणि बर्नरची संख्या पाहतात, आणि घरात गॅस कोणता येतो हे दुकानदाराला सांगायचे राहून जाते. सर्वांत महागात पडते ती हीच चूक. पाइपने येणाऱ्या पीएनजीचा दाब सिलिंडरच्या एलपीजीपेक्षा कमी असतो आणि तेवढ्याच आकारमानाच्या वायूत उष्णताही बरीच कमी असते, म्हणून त्याच्या जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचे, छिद्र मोठे ठेवावे लागते. एलपीजीची शेगडी पाइपच्या गॅसला जोडली, तर ज्योत मंद राहते. उलट पीएनजीचे जेट सिलिंडरवर चालवले, तर ज्योत भडकून पिवळी होते, भांड्यांची बुडे काळी पडतात आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याचा धोका असतो. आमच्याकडे पाइपचा गॅस आला तेव्हा नव्या शेगडीवर भाकरी फुगेना. पीठ जुने असेल, या समजुतीने आठवडाभर आम्ही पीठच बदलत राहिलो. शेवटी मेकॅनिकने जेट काढून पाहिले, तर ते सिलिंडरचे निघाले. जेट बदलण्याचे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे, तारेने छिद्र मोठे करण्याच्या भरीस पडू नये.

दुसरी चूक चार बर्नरच्या हौसेची. बर्नर जवळजवळ असले, की २८ सेंटीमीटरचा तवा आणि शेजारी कुकर एकाच वेळी बसत नाही, आणि चारांपैकी दोनच कामी येतात. खरेदीला जाताना घरातला तवा आणि फोडणीचे कढले सोबत न्यावे. दुकानात कोणी हसले तरी चालेल, पण कढले स्टँडवर डगमगत असेल तर गरम तेल अंगावर येण्याची भीती रोजची होते.

ओट्यात बसवायचा हॉब घेणार असाल, तर निवडलेल्या मॉडेलची मापे हाती येईपर्यंत ग्रॅनाइट कापू नये.

शेगडीवर आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे. एलपीजीच्या शेगडीसाठी मानक आयएस ४२४६ आहे. नवी शेगडी जुन्याच रबरी नळीला जोडणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते, आणि तडे दिसले तर लगेच. जोडणी झाल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे मेकॅनिक निघण्यापूर्वी त्याच्यासमोरच पाहावे. काडी पेटवून गळती कधीही तपासू नये.